पुरुषांना होणारा यीस्टचा संसर्ग: एकट्याने ट्यूब लावून का भागत नाही, आणि दोघांनी उपचार कोणत्या क्रमाने करायचे

गेली बरीच वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. रात्री साडेनऊच्या सुमाराला, शटर अर्धं खाली आल्यावर, एक गिऱ्हाईक यायचं. खिशातून पिळून सपाट झालेली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली ट्यूब काढायचं आणि म्हणायचं, "हीच द्या अजून एक." महिन्याभरात तिसऱ्यांदा. त्याच महिन्यात दुपारी त्यांच्या घरातल्या बाई जावेला घेऊन यायच्या आणि जाऊ बाहेर चपलेचा पट्टा नीट करत असताना हळूच योनीत ठेवायच्या गोळ्यांचं पाकीट मागायच्या. दोघं एकाच घरातली, दोघांचं दुखणं एकच, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. एकाचं दुसऱ्याला सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी दोघांनाही वेगवेगळं एकच वाक्य सांगितलं: "घरात विचारून घ्या, समोरच्यालाही त्रास आहे का."

हा लेख त्या वाक्याचा विस्तार आहे: लिंगाच्या टोकाला आणि पुढच्या कातडीखाली होणाऱ्या यीस्टच्या, म्हणजे बुरशीच्या, संसर्गाबद्दल. या दुखण्यात औषध क्वचितच चुकतं, क्रम चुकतो. लोक आधी ट्यूब लावतात आणि मग बघतात. खाज थांबली की तिसऱ्या दिवशी सोडतात. साखर तपासत नाहीत. आणि जोडीदाराला विचारायचं राहूनच जातं.

## सुरुवातीआधीची तयारी

हाताशी असू द्या: उजेडाची खोली आणि छोटा आरसा, हात धुवायला साबण, फक्त या कामासाठी एक मऊ सुती पंचा किंवा धुतलेल्या जुन्या धोतराचे तुकडे, आणि किमान सहा सुती चड्ड्या. एका कागदावर या गोष्टी लिहून काढा:

- त्रास कधी सुरू झाला
- त्याआधीच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं होतं का
- सध्या रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत (नावं पाकिटावरून जशीच्या तशी उतरवा)
- आतापर्यंत तिथे काय काय लावलं

शेवटचा मुद्दा लपवू नका. लिंबू, चुना, लसणाचा रस, कापूर घातलेलं खोबरेल, जखमा धुवायचं अँटिसेप्टिक, हे सगळं लोक लावतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं. ते कळलं नाही तर भाजलेली कातडी आणि संसर्ग झालेली कातडी यांतला फरक ओळखणं त्यांनाही अवघड जातं.

आजपासूनच: शरीरसंबंध थांबवा, मुखमैथुनही. निदान पक्कं होईपर्यंत तिथे कुठलीही ट्यूब लावू नका. आधीपासून लावत असाल तर ती बंद करा आणि रिकामी असली तरी टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा.

## टप्पा १: आधी नीट बघा

हात धुवा. पुढची कातडी हळूहळू मागे घ्या, जितकी सहज जाईल तितकीच. बहुतेकांनी ती जागा उजेडात कधी पाहिलेलीच नसते, म्हणून नेहमीचं काय आणि नवीन काय हे कळत नाही.

यीस्ट म्हणजे बुरशीचाच एक प्रकार. इथे त्रास देणारी बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स असते. ती तोंडात, आतड्यात, कातडीवर थोड्या प्रमाणात एरवीही राहते. उबदार, ओलसर आणि बंद जागा मिळाली की वाढते, आणि पुढच्या कातडीखालची जागा नेमकी तशी असते. म्हणूनच सुंता झालेल्यांना हा त्रास कमी होतो. होतच नाही, असं मात्र नाही.

यीस्टमध्ये साधारण हे दिसतं:

- टोक लाल, चकचकीत. त्यावर मोहरीएवढे लाल ठिपके
- कातडीखाली दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर, पुसला की खाली लाल कातडी
- खाज, चुरचुर, संबंधानंतर आग
- कातडीच्या कडेला बारीक उभ्या चिरा, लघवी लागली की झोंबणाऱ्या
- कातडी आधीपेक्षा घट्ट वाटणं

नुसता पांढरा थर म्हणजे यीस्ट नव्हे. न धुतल्यामुळे साठणारा मळही पांढराच असतो. साध्या पाण्याने धुतल्यावर खाली निरोगी कातडी दिसली आणि खाज-लाली काही नसली, तर तो मळ आहे. त्यावर औषधाचं काम नाही.

सावधान: बघून झालं की कातडी पुन्हा पुढे आणायला विसरू नका. सुजलेली कातडी मागे अडकली की टोकाभोवती आवळ बसतो आणि रक्तपुरवठा अडतो. कातडी पुढे येतच नसेल, टोक सुजत चाललं असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

## टप्पा २: हे यीस्ट नसेलही, ते आधी ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर घरचे उपचार थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

पाण्याने भरलेले बारीक फोड, मग दुखणारे व्रण. हे हर्पिस असू शकतं.

एकच, न दुखणारा, कडेला कडक लागणारा व्रण. सिफिलिसची सुरुवात अशी होते. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, व्रण आपोआप भरतोही, पण आजार आत राहतो.

लघवीच्या भोकातून पू किंवा चिकट स्राव. यीस्टचा थर कातडीखाली असतो. आतून येणारा स्राव म्हणजे गनोरिया, क्लॅमिडिया यांसारखा संसर्ग असण्याची शक्यता.

जांघेत गोलाकार, कडेला उठावदार, पसरत जाणारा चट्टा. हा नायटा. तोही बुरशीच, पण जात वेगळी, औषधाचा कालावधी वेगळा.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतही, आणि घरात इतरांनाही. खरूज. तिच्या गाठी लिंगावर आणि वृषणांवरही येतात.

गोळी घेतल्यावर दरवेळी त्याच जागी उठणारा काळपट-लाल गोल चट्टा. ही औषधाची ॲलर्जी. काही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्यांनी टोकावर असा डाग उठतो, आणि माणूस त्यावर बुरशीचं मलम लावत बसतो.

साबण, पावडर, सुगंधी वाइप्स बदलल्यावर सुरू झालेली आग. कातडी चिडलेली असते. कारण थांबवलं की बहुधा शांत होते.

महिन्याहून जुना न भरणारा व्रण, गाठ, रक्त येणारा भाग, पांढरी कडक होत चाललेली कातडी. यात कर्करोगाची शक्यताही तपासावी लागते. "लाज वाटली" म्हणून यात सहा महिने घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तुम्ही तसं करू नका.

तपासा: आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास होत असेल, तरीही एकदा डॉक्टरांना दाखवाच. डॉक्टर कापसाच्या बोळ्याने थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवू शकतात. ही साधी तपासणी आहे, आणि पुढचे महिनोन्महिने अंदाजाने ट्यूब लावण्यापासून ती वाचवते. अनोळखी किंवा नव्या व्यक्तीशी संबंध आला असेल तर तेही सांगा, म्हणजे एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी त्याच फेरीत होते. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

## टप्पा ३: साखर तपासा, आणि रोजच्या गोळ्यांची नावं वाचा

माझा सगळ्यात जास्त आग्रह या टप्प्यासाठी आहे.

पुरुषाला यीस्ट झालं आणि मागे काही उघड कारण दिसत नसेल, तर पहिला संशय मधुमेहाचा घ्यावा. रक्तात साखर वाढली की ती लघवीत उतरते. लघवीचे दोन थेंब कातडीखाली राहतात, त्यात साखर, आणि यीस्टला तेच हवं असतं. कित्येकांना आपल्याला मधुमेह असल्याचं या खाजेमुळे पहिल्यांदा कळतं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तेव्हा "मला कुठला मधुमेह" हे गृहीत धरू नका.

उपाशीपोटी आणि साखरेचं पाणी प्यायल्यानंतर दोन तासांनी, अशा दोन्ही तपासण्या करा, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर, यातलं काहीही आलं तर मधुमेहाच्या बाजूने बोलणारं आहे. डॉक्टर पुन्हा तपासून पक्कं करतात. बोटाला टोचून यंत्रावर घेतलेल्या एका आकड्यावर "नाही" असं ठरवू नका.

आता गोळ्या. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांचं नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपतं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकूनच काम करतात. त्यामुळे तिथल्या यीस्टचा त्रास हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, पुरुषांत आणि बायकांतही. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, ती स्वस्त झाली, आणि आता रोजच्या चिठ्ठ्यांत दिसते. बऱ्याचदा मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांच्याबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे पाकिटाच्या पुढच्या मोठ्या नावावरून कळत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा. हृदयाच्या आणि किडनीच्या आजारांवरही ती देतात, म्हणजे मधुमेह नसलेल्या माणसालाही ती चालू असू शकते.

सावधान: ही गोळी स्वतःहून बंद करू नका. ती हृदय आणि किडनी सांभाळणारी चांगली औषधं आहेत. ज्यांनी लिहून दिली त्यांना त्रास सांगा. बहुतेक वेळा संसर्गावर उपचार करून आणि स्वच्छतेची सवय लावून ती चालू ठेवता येते. या गोळीवर असताना वृषण, गुदद्वार यांच्या आसपास असह्य दुखणं, सूज, कातडी काळी-निळी पडणं आणि ताप असं काही झालं, तर तो वेगळा, दुर्मिळ पण जिवावर बेतणारा संसर्ग असू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयात जा.

नुकतंच संपलेलं अँटिबायोटिक, तोंडावाटे घेतलेली स्टिरॉइड, केमोथेरपी, वाढलेलं वजन, एचआयव्ही, हीही कारणं. डॉक्टरांना सांगायच्या यादीत हे सगळं असू द्या.

## टप्पा ४: जोडीदाराला विचारा

आधी एक गाठ सोडवू. यीस्ट झालं म्हणजे बाहेर संबंध आहेत, असा अर्थ होत नाही. डॉक्टर याला लैंगिक आजारांच्या यादीत धरत नाहीत. कधीही संबंध न आलेल्या माणसालाही हे होतं. या गैरसमजातून घरात जे बोललं जातं ते कुठल्याही मलमाने भरून येत नाही, म्हणून हे वाक्य दोघांनीही वाचा.

तरीही संबंधातून यीस्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, हे खरं. अंदाजे १० ते २० टक्के बायकांच्या योनीत कॅन्डिडा काही त्रास न देता राहते, आणि साधारण चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी तिचा त्रास होतो. संबंधाच्या वेळी ती पुरुषाच्या कातडीखाली येते. तिथे साखर जास्त असेल, ओल राहत असेल, चिरा असतील, तर रुजते. उलटही होतं: पुरुषाच्या कातडीखाली ती लक्षणं न देता बसते आणि बाईच्या शरीरातलं संतुलन अँटिबायोटिकने किंवा गरोदरपणाने बदललेलं असेल तेव्हा तिथे त्रास सुरू होतो. दोन पुरुषांच्या नात्यातही हे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. जोडीदाराच्या तोंडात पांढरा थर असेल, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरण्याची सवय असेल, तर मुखमैथुनात तिथूनही.

आणखी एक प्रकार, जो बरेच जण संसर्ग समजतात: बाईला यीस्ट असताना संबंध झाला की काही मिनिटांत किंवा तासांत पुरुषाच्या टोकावर लाली आणि आग येते आणि धुतल्यावर दिवसभरात ओसरते. ही बहुधा त्या यीस्टवर कातडीने दिलेली प्रतिक्रिया असते. यात तिचा उपचार झाला की तुमचा त्रास थांबतो.

आता विचारायचं कसं. झोपण्याच्या वेळी, अंधारात, संबंधाला नकार देताना हा विषय काढू नका. दिवसा, चहा पिताना साधं म्हणा: "मला तिथे बुरशी झाली आहे, डॉक्टरांनी औषध दिलंय. तुला काही खाज, आग होते का? असेल तर दोघांनी एकदमच औषध घ्यायचं आहे." एवढंच. कुणापासून आली हा प्रश्न काढू नका, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणालाच देता येत नाही.

तिने कशाकडे लक्ष द्यायचं: योनीभोवती खाज, लघवीला झोंबणं, संबंधात दुखणं, पांढरा दह्यासारखा घट्ट स्राव, आणि सहसा दुर्गंध नाही. अंगावरून जाणारं पांढरं करडं आणि मासळीसारख्या वासाचं असेल किंवा पिवळं-हिरवं फेसाळ असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे आणि यीस्टच्या गोळ्यांनी जाणार नाही. तिने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं.

मग तीन शक्यता उरतात:

१. दोघांनाही लक्षणं आहेत. दोघांचा उपचार एकाच दिवशी सुरू करा.
२. एकालाच लक्षणं आहेत. त्याच व्यक्तीचा उपचार. काही त्रास नसलेल्या जोडीदाराला "असू दे, खबरदारी म्हणून" गोळी देण्याची गरज नसते.
३. एकाला लक्षणं, पण त्रास पुन्हा पुन्हा उलटतोय. दोघांनीही एकदा डॉक्टरांकडे तपासून घ्या.

सावधान: बायको गरोदर असेल किंवा असण्याची शक्यता असेल, तर तोंडाने घ्यायची बुरशीची गोळी, फ्लुकोनाझोल, तिला देऊ नका. गरोदरपणात योनीत ठेवायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, साधारण सात दिवस देतात. तुमच्या चिठ्ठीतली गोळी अर्धी करून तिला देणं, हे मी खरंच होताना पाहिलं आहे.

## टप्पा ५: धुणं आणि सुकवणं

मलमाआधी हे जमलं पाहिजे, कारण ओल्या जागेवर लावलेलं मलम टिकत नाही.

दिवसातून दोनदा, कातडी मागे घेऊन, कोमट साध्या पाण्याने धुवा. त्या जागी साबण नको, शॅम्पू नको, अँटिसेप्टिक तर अजिबात नको. आग असताना माणसाला वाटतं की कडक काहीतरी लावलं तर जंतू मरतील. कातडीच मरते आणि चिरा वाढतात. घासायचंही नाही.

मग सुती कापडाने टिपा, पुसू नका. टोकाच्या मागची खाच, जिथे कातडी दुमडते, ती जागा हमखास ओली राहते. तिथे कापडाचं टोक लावून थोडं थांबा. दोन मिनिटं हवा लागू द्या, आणि मग कातडी पुढे.

लघवीनंतर शेवटचे थेंब टिपायची सवय लावा. टप्पा ३ मधल्या 'ग्लिफ्लोझिन' गोळ्या चालू असतील तर हे आयुष्यभरासाठी.

चड्डी सुती, सैल आणि रोज धुतलेली. घामाने भिजली तर दुपारी बदला. गाडी चालवणारे, भट्टीजवळ काम करणारे, दिवसभर पावसात फिरणारे, यांनी एक जोड बरोबर ठेवावा. कोकणात जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. दमट चड्डी अंगावर वाळवण्यापेक्षा गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करून घाला. पंचा एकमेकांचा वापरू नका.

## टप्पा ६: मलम, कोणतं आणि कसं

यीस्टसाठी डॉक्टर सहसा क्लोट्रिमाझोल १ टक्के किंवा मायकोनाझोल २ टक्के मलम देतात, दिवसातून दोनदा, ७ ते १४ दिवस.

ट्यूबवरचं वाचा. घटकांच्या यादीत एकच बुरशीविरोधी औषध असेल तर ठीक. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असेल, आणि सोबत जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखं अँटिबायोटिक असेल, तर ती ट्यूब परत करा. क्लोबेटासोल वगैरे पहिली चार नावं स्टिरॉइडांची आहेत. लावल्यावर एका रात्रीत खाज थांबते, आणि म्हणूनच लोकांना ती 'भारी ट्यूब' वाटते. पण ती कातडीची लढण्याची ताकद दाबतात, बुरशी खाली पसरत राहते, आणि ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. टोकाची कातडी पातळ असल्यामुळे ती आणखी पातळ होते, फाटते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेला लावायची अनेक स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती नुसत्या तोंडी मागणीवर मिळतात, आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांनी हे थांबवायला हवं. सूज फार असेल तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड थोड्या दिवसांसाठी देतातही. तो निर्णय त्यांचा.

लावण्याची पद्धत:

१. हात धुवा.
२. जागा धुऊन, टिपून कोरडी करा.
३. कातडी सहज जाईल तितकी मागे घ्या.
४. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम बोटावर घ्या. जास्त लावलं की ते ओलावा धरून ठेवतं.
५. टोकावर, खाचेत आणि कातडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरवा. लालीच्या कडेबाहेरही थोडं.
६. कातडी पुढे आणा.
७. हात पुन्हा धुवा.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे कातडी मागे न घेता बाहेरून वरवर मलम लावणं. संसर्ग आत आणि औषध बाहेर, अशाने तीन ट्यूबा संपतात.

गोळी: फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी काहींना दिली जाते. ती चिठ्ठीवरच घ्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर फ्लुकोनाझोलमुळे साखर अचानक खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, यकृताचा आजार, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

जोडीदारासाठी: तिला योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या रात्री झोपताना ठेवायच्या, आणि पाळीच्या आधी कोर्स पूर्ण होईल असं गणित करून सुरू करायच्या, कारण पाळीत औषध वाहून जातं.

## टप्पा ७: चौदा दिवसांत काय होतं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज कमी होते. इथेच बहुतेक जण ट्यूब कपाटात ठेवतात. खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नाही, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुरू केलेल्या आणि संपायच्या तारखेला बारीक खूण करून ठेवा. घरात दुसऱ्या कुणाला ती कळणार नाही, दोघांना कळेल.

तपासा, तिसरा दिवस: मलम लावल्यावर आग वाढत असेल, फोड येत असतील, तर ते मलम सोसत नाहीये. बंद करा, डॉक्टरांना दाखवा.

तपासा, सातवा दिवस: काहीच फरक नसेल तर दुसरी ट्यूब बदलून बघू नका. निदान पुन्हा तपासून घ्यायची वेळ आली आहे.

चिरा मात्र भरायला वेळ घेतात, आणि त्या भरेपर्यंत कातडी ओढली गेली की पुन्हा उघडतात.

## टप्पा ८: संबंध पुन्हा कधी

दोघांचा कोर्स संपलेला, दोघांची लक्षणं गेलेली, आणि चिरा भरलेल्या, हे तिन्ही जुळलं की. एकाचा सातवा दिवस आणि दुसऱ्याचा दुसरा दिवस असेल, तर दुसऱ्याचा कोर्स संपेपर्यंत थांबायचं.

"मधे कंडोम वापरला तर चालेल ना?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल यांची मलमं आणि योनीत ठेवायच्या गोळ्या रबरी कंडोम कमजोर करतात. तो फाटू शकतो, आणि मग नको असलेलं गरोदरपण हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. उपचार चालू असताना आणि संपल्यावर आणखी पाच दिवस त्याच्या भरवशावर राहू नका. खोबरेल तेल आणि पेट्रोलियम जेलीनेही हेच होतं. संबंधात कोरडेपणा असेल तर पाण्याचा बेस असलेली जेल घ्या, कारण घर्षणाने पडलेल्या चिरांतूनच पुढचा संसर्ग सुरू होतो.

संबंधानंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या. तिने योनीच्या आत पाणी मारून, साबण घालून धुवायचं नाही. त्याने तिथले चांगले जिवाणू जातात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं.

## टप्पा ९: परत आलं तर

कोर्स संपून महिन्या-दोन महिन्यांत परत आलं, किंवा वर्षात तीन वेळा झालं, तर नेहमीच्या ट्यूबवर भागवू नका. या वेळी डॉक्टरांकडे हे मागा: थराची कल्चर तपासणी, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखणं (काही जातींच्या कॅन्डिडावर फ्लुकोनाझोल नीट चालत नाही), एचबीए१सी, एचआयव्ही तपासणी आणि जोडीदाराची तपासणी. कातडी दिवसेंदिवस घट्ट होत चालली असेल, धुण्यासाठी मागेच जात नसेल, तर सुंता करण्याचा सल्ला मिळू शकतो. ती छोटी शस्त्रक्रिया आहे आणि वारंवार होणाऱ्या त्रासात अनेकांना तिचा उपयोग होतो.

जाताना बरोबर न्या: तयारीत लिहिलेला कागद, वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रोजच्या गोळ्यांची पाकिटं आणि साखरेचा ताजा रिपोर्ट. शक्य असेल तर दोघं एकत्र जा. आत गेल्यावर कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर हे वाक्य पुरतं: "लिंगाला बुरशीचा त्रास आहे, परत परत होतोय, आणि घरातही आहे."

त्या दोघांपैकी ते गृहस्थ नंतर एकदा दिवसाउजेडी आले होते, बाईही सोबत होत्या. त्यांच्या हातात एकच चिठ्ठी होती, दोघांची औषधं तिच्यावर खालोखाल लिहिलेली, आणि सगळ्यात खाली एचबीए१सी.